पायाने सुरू होणारी मोटार

मोटार सुरू करण्याच्या रीतींचा इतिहास म्हणजे माणसाच्या मनगटाला विश्रांती मिळण्याचा इतिहास होय. प्रारंभीच्या गाड्यांना समोरून लोखंडी हँडल लावून इंजिन फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर ते हँडल उलट उसळे आणि फिरवणाऱ्याचे हाड मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि हा धोका मागे पडला. या स्टार्टरलाच आपल्याकडील गॅरेजांत ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ आला खरा. पण त्याला जागे कसे करावे याविषयी कारखानदारांचे एकमत नव्हते. कोणी पायाखाली बटण ठेवले, कोणी ओढण्याची मूठ दिली, तर स्टूडबेकरच्या काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबला की सेल्फ फिरू लागे.

या सर्व रीतींत सर्वांत चतुर आणि बिघडल्यावर सर्वांत बुचकळ्यात पाडणारी रीत ब्यूक गाड्यांची. १९३० नंतरच्या दशकात ब्यूकने सेल्फचा स्विच थेट कार्बुरेटरवर बसवला. किल्ली फिरवायची, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल दाबायचे, की सेल्फ फिरे. आणि इंजिन पेटताच तो आपोआप सुटे. पॅकार्डच्याही काही गाड्यांत अशीच योजना होती. ब्यूक तयार करणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना उघडला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. त्या काळातील अमेरिकन गाड्यांपैकी ज्या आज कोणाच्या वाड्यात, कोणाच्या गोदामात किंवा हौशी संग्राहकाच्या देखरेखीखाली टिकून आहेत, त्यांत पायाने सुरू होणाऱ्या गाड्याही आहेत. अशी गाडी एखाद्या सकाळी पेडल दाबूनही मुकी राहते. मालक पुन्हा दाबतो, आणखी जोराने दाबतो. आणि नेमकी तेथेच पहिली चूक होते.

ती चूक का, हे समजण्यासाठी आधी स्विचचे अंतरंग पाहू या.

कार्बुरेटरच्या खालच्या भागात एक गोल पाते असते. पेडल दाबले की हे पाते उघडते आणि इंजिनाला अधिक हवा व पेट्रोल मिळते. या पात्यास थ्रॉटल म्हणतात. ते ज्या दांडीवर फिरते, तिच्या टोकाची एक बाजू सपाट घासलेली असते. त्या सपाट भागाला लागून एक पोलादी छर्रा, छर्‍याला लागून एक छोटा सरकता ठोकळा आणि ठोकळ्यापुढे तांब्याच्या मिश्रधातूची लवचीक संपर्कपट्टी अशी ही साखळी आहे. पेडल दाबले की दांडी फिरते, दांडी छर्‍याला ढकलते, छर्रा ठोकळ्याला आणि ठोकळा पट्टीला. पट्टी दोन टोकांना स्पर्श करते आणि विजेची वाट पूर्ण होते. एका आगपेटीत मावेल एवढीच ही यंत्रणा.

आता इंजिन पेटले. पेटलेले इंजिन हवा ओढू लागते आणि थ्रॉटलच्या खालच्या नळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्या नळीतून एक बारीक वाट छर्‍याच्या घराकडे नेलेली असते. त्या ओढीने छर्रा आपल्या जागेवरून वर उचलला जातो. छर्रा निघाला की दांडी आणि ठोकळा यांमधला दुवाच नाहीसा होतो. स्प्रिंग ठोकळ्याला मागे ढकलते, पट्टी सुटते आणि सेल्फ थांबतो. यानंतर चालकाने पेडल कितीही दाबले, तरी छर्रा वरच धरून ठेवलेला असल्याने सेल्फला हाक जात नाही. इंजिन बंद झाले, ओढ संपली, की छर्रा स्वतःच्या वजनाने खाली येऊन पुढच्या वेळेसाठी सज्ज होतो. चालत्या इंजिनाला सेल्फ लागू नये, ही खबरदारी एका छर्‍यावर सोपवलेली आहे.

तथापि छर्‍यावर सर्व भिस्त ठेवणे योग्य नव्हते. गाडी चढावर असताना पेडल पूर्ण दाबलेले असते, थ्रॉटल सताड उघडे असते आणि नळीतील ओढ मंदावते. बालाघाटहून बैहरमार्गे मलाजखंडला जाणारा रस्ता सातपुड्याच्या पठारावर चढतो. अशा घाटात जुनी गाडी घालणाऱ्याला हा प्रसंग पदोपदी येणार. छर्रा तेव्हाच खाली घसरला तर? यासाठी ब्यूकच्या योजनेत दुसरा पहारेकरी ठेवला आहे, तो म्हणजे डायनमो. सेल्फच्या रिलेला परतीची वाट थेट गाडीच्या सांगाड्यात न देता डायनमोमधून दिलेली असते. डायनमो स्वस्थ असताना त्यातून प्रवाह सहज सांगाड्यात जातो. पण इंजिन चालू होऊन डायनमो वीज निर्माण करू लागला, की रिलेच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच दाब येतो; मग प्रवाह वाहणार कोठून कोठे? स्विच चुकून जुळला तरी रिले निपचित राहतो. डायनाफ्लो नावाच्या स्वयंचलित गिअरच्या ब्यूक गाड्यांत तिसरा पहारेकरीही असतो. गिअर न्यूट्रल किंवा पार्किंगच्या खुणेवर नसेल, तर तो वाट बंद ठेवतो.

यावरून विजेच्या आज्ञेचा संपूर्ण मार्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. बॅटरीतून किल्लीच्या स्विचकडे, तेथून कार्बुरेटरवरील स्विचकडे, असल्यास गिअरच्या स्विचकडे, मग रिलेकडे आणि शेवटी डायनमोमधून परत सांगाड्याकडे. ही झाली आज्ञेची बारीक वाट. आज्ञा मिळाल्यावर बॅटरीतून सेल्फकडे प्रत्यक्ष शक्ती नेणारी जाड तारेची वाट निराळी. या दोन वाटांतील फरक ज्याच्या ध्यानात राहिला, त्याला अर्धा दोष सापडलाच म्हणून समजावे.

आता त्या पहिल्या चुकीकडे वळू. सेल्फ फिरत नाही म्हणून पेडल पुनःपुन्हा दाबणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक दाबाबरोबर कार्बुरेटरमधील छोटा पंप पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. पेडल एक, सेवक दोन! सेल्फ झोपलेला असला तरी पंप आपले काम करीतच असतो. दहा वेळा पाय मारला की इंजिनाच्या श्वासमार्गात पेट्रोल साचते आणि वाफ बाहेर पसरते. अशा वेळी कोणी हुशारी करून कार्बुरेटरवरच्या स्विचची दोन टोके पेचकसाने जोडली, तर त्या वाफेतच ठिणगी पडते. जुन्या गाड्यांच्या आगी लागण्याला निमित्त लागते ते एवढेच. म्हणून पहिला नियम असा, की पेडल दोनदा दाबूनही सेल्फ फिरला नाही, तर पाय काढावा, किल्ली बंद करावी, बॉनेट उघडून वाफ निघून जाऊ द्यावी आणि मगच तपासणीला लागावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, चाकाला दगडाची उटी, एअर क्लीनर आपल्या जागी आणि जवळपास विडी-काडी नाही, एवढी सिद्धता हवीच.

तपासणीचा आरंभ कार्बुरेटरपासून करू नये. समोरचे दिवे लावावेत आणि एकाने पेडल दाबून ठेवावे. येथे तीन प्रकार संभवतात. दिवे आधीपासूनच मंद असतील, किंवा पेडल दाबताच अगदी विझू विझू झाले, तर आज्ञा पोहोचली आहे. दोष बॅटरीत, तिच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीत किंवा जाड तारेच्या सैल जोडात आहे. ‘टक्’ असा आवाज येतो पण सेल्फ फिरत नाही, तरीही आज्ञा पोहोचलीच आहे. रिले किंवा सॉलेनॉईड जागा झाला, पण जाड वाटेवर अडथळा आहे. परंतु दिवे ढिम्म जागचे हलत नाहीत आणि आवाजही येत नाही, तेव्हा आज्ञाच वाटेत हरवली आहे. या तिसऱ्या प्रकारातच कार्बुरेटरवरील स्विचचा संशय घेणे रास्त ठरते.

बॅटरीच्या जोडांवर एवढा भर का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ब्यूकच्या व्ही-आठ इंजिनाच्या गाड्या १९५३ पासून १२ व्होल्टच्या झाल्या. त्यापूर्वीच्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची. समजा, ६ व्होल्टच्या सेल्फला २०० अँपिअर प्रवाह लागतो आणि एका गंजलेल्या जोडाचा रोध अवघा एक शतांश ओम आहे. दोनशे गुणिले एक शतांश म्हणजे २ व्होल्ट. सहापैकी दोन, अर्थात एक तृतीयांश दाब त्या एका जोडातच खर्ची पडला! तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर घ्यायची तर १०० अँपिअर पुरतात. तोच जोड तेथे १ व्होल्ट, म्हणजे केवळ एक द्वादशांश, खातो. नव्या गाडीत खपून जाणारी अस्वच्छता जुन्या गाडीत खपत नाही, ती यामुळे. म्हणूनच १२ व्होल्टच्या गाडीची बारीक तार आणून जुन्या गाडीच्या बॅटरीला जोडणे हे बचतीचे नव्हे, नुकसानीचे काम आहे.

जाड वाट निर्दोष ठरली आणि आज्ञाच हरवली आहे असे दिसले, की मग कार्बुरेटरकडे यावे. स्विचच्या टोपीवर दोन तारा येतात. किल्ली बंद असतानाच लहान दिव्याची एक तार सांगाड्याला आणि दुसरी किल्लीकडून येणाऱ्या टोकाला पक्की बांधावी, नंतर किल्ली फिरवावी. दिवा लागला नाही, तर वीज स्विचपर्यंत आलेलीच नाही. किल्ली, फ्यूज किंवा मधली तार पाहावी. दिवा लागला, तर स्विचच्या उंबरठ्यापर्यंत मार्ग ठीक आहे.

यापुढची कसोटी निर्णायक आहे आणि तीच सर्वांत जपून करावयाची आहे. स्विचची दोन्ही टोके एका तारेने जोडायची. परंतु किल्ली बंद असताना. तार घट्ट बसल्यावर दूर व्हावे, पंख्यापासून हात व कपडे लांब ठेवावेत आणि आत बसलेल्या माणसाने क्षणभर किल्ली फिरवून लगेच बंद करावी. या क्रमामुळे जोडणीची ठिणगी कार्बुरेटरजवळ न पडता किल्लीच्या स्विचमध्ये पडते. तार काढतानाही किल्ली बंदच हवी. आता सेल्फ फिरला, तर पुढचा सारा मार्ग निर्दोष आणि दोष त्या आगपेटीएवढ्या यंत्रणेत किंवा पेडलाच्या जोडणीत. सेल्फ फिरला नाही, तर कार्बुरेटर निरपराध आहे. त्याला उगाच खोलू नये.

कार्बुरेटर निरपराध ठरल्यावर लोक ज्याला हमखास विसरतात तो डायनमो. रिलेची परतीची वाट डायनमोतून जाते, हे वर आलेच. डायनमोचे कार्बन ब्रश झिजून आतील तांब्याच्या पट्ट्यांना टेकेनासे झाले, की परतीची वाट तुटते आणि सेल्फ मुका होतो. डायनमो दुरुस्तीला काढला असेल किंवा त्याच्या जागी नवा अल्टरनेटर बसवला असेल, तरी हेच घडते. सेल्फ सुरू करण्याशी डायनमोचा काय संबंध, असे वाटून माणूस त्याच्याकडे पाहतही नाही. आणि महिनाभर कार्बुरेटर खोलणे-लावणे चालू राहते. रिलेचे हे परतीचे टोक क्षणभर सांगाड्याला जोडले आणि सेल्फ फिरला, तर दोष येथेच. डायनाफ्लो गाडीत गिअरचा दांडा न्यूट्रलच्या खुणेभोवती थोडा हलवून पाहावा. खूण आणि स्विच यांचा मेळ झिजेमुळे बिघडलेला असतो.

दोष कार्बुरेटरकडेच आला, तरी स्विच उघडण्याआधी एक सोपी गोष्ट तपासावी. पेडल तळापर्यंत दाबल्यावर थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडते काय? पेडलाखाली जाड सतरंजी सरकली असेल, जोडदांड्यांची भोके झिजून मोठी झाली असतील, तर पेडल तळाला टेकते पण दांडी पुरेशी फिरत नाही. बॉनेटखाली हाताने दांडी फिरवून सेल्फ लागतो आणि पेडलाने लागत नाही, एवढ्यावरून हे कळते. या दोषाला औषध म्हणजे सतरंजी काढणे किंवा जोडदांडी जुळवणे. एक पैचा सुटा भाग लागत नाही.

हेही ठीक असेल तर आता स्विच उघडावा. बॅटरीचे टोक सोडवावे, खाली स्वच्छ फडके पसरावे आणि टोपी हाताच्या ओंजळीत धरून स्क्रू काढावेत. आत स्प्रिंग दबलेली असल्याने टोपी सुटताच भाग उसळतात. प्रत्येक भाग कोणत्या बाजूने बसला होता हे कागदावर काढून ठेवावे, कारण ठोकळा उलटा बसवला तर स्विच जुळत नाही. बहुतेक वेळा दोष डोळ्यांना दिसतो. वर्षानुवर्षे वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी डिंक छर्‍याला चिकटून बसलेला असतो, किंवा दमट हवेत छर्‍यावर गंज चढलेला असतो. छर्रा खाली येत नसेल तर गाडी मुकी होते; वर उचलला जात नसेल तर सेल्फ सुटत नाही. घर आणि बारीक वाट स्पिरिटने धुऊन हवेने फुंकावी. तेल मात्र मुळीच घालू नये. तेलाने आज छर्रा गुळगुळीत फिरेल, पण धूळ धरून महिनाभरात पुन्हा अडकेल. खड्डे पडलेला छर्रा बदलावा. परंतु सायकलच्या दुकानातील हाताला येईल तो छर्रा बसवू नये. आकारात केसाएवढा फरक पडला तरी तो अडकतो किंवा ढकलण्यास अपुरा पडतो.

राहता राहिली संपर्कपट्टी. येथे तांब्याचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. ज्या मलाजखंडचा वर उल्लेख आला, तेथील खाण ही देशातील तांब्याची फार मोठी खाण. हिंदुस्तान कॉपर कंपनीने १९८२ मध्ये ती सुरू केली. तेथील धातुकात तांबे हे गंधक आणि लोह यांच्याशी बांधलेले सापडते. त्या बंधनातून सोडवून शुद्ध केलेले तांबे विजेला उत्तम वाट देते. पण मोकळ्या हवेत ठेवले की ते पुन्हा प्राणवायूशी आणि गंधकाशी सलगी करू लागते आणि त्याच्यावर काळपट थर चढतो. हा थर विजेला वाट देत नाही. पट्टी जागेवर आहे, टोकांना टेकते आहे, तरी प्रवाह नाही, याचे कारण तो थर. अगदी बारीक काचकागदाने हलक्या हाताने तो पुसावा. कानस लावू नये. पट्टीची जाडी आणि लवचीकपणा हेच तिचे प्राण आहेत.

याच्या उलट तक्रारही असते. किल्ली फिरवताच, पेडल न दाबता, सेल्फ फिरू लागतो. असे झाले तर पट्टी वाकून टोकांना चिकटली आहे, किंवा थंड इंजिनासाठी थ्रॉटल किंचित उघडे धरणारी योजना ते प्रमाणाबाहेर उघडे धरीत आहे. इंजिन पेटल्यावरही सेल्फ सुटत नसेल, तर छर्‍याची बारीक वाट तुंबली आहे किंवा कार्बुरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरून ओढ कमी झाली आहे, असे समजावे. अशा वेळी पहिले काम म्हणजे किल्ली बंद करणे. तरीही सेल्फ थांबला नाही, तर बॅटरीचे टोक काढणे.

इतका खटाटोप कशाला, डॅशबोर्डवर एक साधे बटण बसवले की काम झाले, असे सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतात. बटणाने गाडी सुरू होईल यात शंका नाही. परंतु बटणाची तार सरळ सेल्फला जोडली, म्हणजे छर्रा, डायनमो आणि गिअरचा स्विच हे तिन्ही पहारेकरी एकाच दिवशी कामावरून काढले जातात. चालत्या इंजिनावर एखाद्या मुलाचा हात बटणावर पडला, तर सेल्फचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळतात आणि ती दातेरी कडी बदलण्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागते. गिअरमध्ये असलेल्या गाडीवर बटण दाबले गेले, तर गाडी उडी घेते. आणि तिच्यापुढे बॉनेट उघडून उभा असलेला माणूस हा बहुधा ती दुरुस्त करणाराच असतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांत सांगाडा, सांगाड्यावरची बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्यावर भर आहे. एका बटणाने नोंदणी अडेल असे नव्हे. पण गाडी मूळ रूपात राखण्याची दृष्टी त्या नियमांनीही मान्य केली आहे.

मुकी झालेली जुनी गाडी पुष्कळदा निरोगीच असते. तिची आज्ञा वाटेत कोठेतरी अडलेली असते एवढेच. ती वाट बॅटरीपासून क्रमाने चालत गेले, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक पावलाला काय घडले ते टिपून ठेवले, तर साधा दिवा, हातभर तार आणि थोडे स्पिरिट एवढ्या साहित्यात बहुतेक दोष सापडतो. ज्यांनी ही यंत्रणा रचली, त्यांनी चालकाच्या एका पावलावर सेल्फ, पेट्रोल आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी सोपवल्या. ती दुरुस्त करणाऱ्याने या तिन्हींपैकी एकही सांडू न देता गाडी पुन्हा बोलती करावी, यातच त्याचे कसब आहे.